पोस्ट करताना हात मागे येतो ना, त्याचंच बोलूया

या आठवड्याचं पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, माझं वय २६, अकाउंट्समध्ये नोकरी करतो. शाळेत असल्यापासून स्नीकर्स जमवतोय, आज ६२ जोड्या आहेत, त्यातल्या ४० तर पायात घातलेल्याच नाहीत, बॉक्समध्ये आहेत तशाच. जॉर्डन वन (नाइकीचे, बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनच्या नावाचे बूट) लांबून दिसले तरी कलरवे म्हणजे रंगसंगती कुठली आणि रेट्रो, म्हणजे जुन्या मॉडेलची परत काढलेली आवृत्ती, कुठल्या वर्षाची ते सांगतो. ऑफिसात मन लागत नाही. नोकरी सोडून हे कलेक्शनच भांडवल म्हणून वापरावं आणि रीसेल, म्हणजे घेतलेले बूट नफ्यावर परत विकणं, सुरू करावं असं डोक्यात आहे. घरचे म्हणतात वेड लागलंय. एकदोनदा विकायला म्हणून फोटो काढले, पण पोस्ट करताना हात मागे आला. काय करू? नाव छापू नका."

अरे, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या हात मागे आला वाल्या वाक्यावर थांबले. बाकीचं पत्र तू विचार करून लिहिलंयस, हे वाक्य मात्र आपसूक आलंय, आणि मला तेच सगळ्यात खरं वाटतं. स्पष्टच सांगते, विकताना ज्याचा हात मागे येतो त्याने रीसेलमध्ये पडू नये. करिअर कर, याच विषयात कर, मी तुला अडवणार नाहीये उलट ढकलणारच आहे, पण कलेक्शन विकून रीसेल हा जो रस्ता तू पकडलायस तो तुझा नाही असं मला मनापासून वाटतं आणि का वाटतं ते नीट सांगते.

पहिली गोष्ट, तुझ्या ६२ जोड्या एकाच साइझच्या असणार. तुझ्या पायाच्या! याचा विचार केलायस का? रीसेल करणाऱ्याकडे एकाच बुटाचे सात-आठ साइझ असतात आणि दहा गिऱ्हाइकं आली तर दहाही वेगळ्या मापाची येतात, तुझ्याकडे ६२ वेगवेगळे बूट आहेत जे फक्त तुझ्या मापाच्या माणसाला होतील. ते दुकान नाही झालं, ते तुझं कपाट आहे. शिवाय हे भांडवल एकदाच वापरता येतं. ६२ विकल्या की पुढचा माल कुठून आणणार, तर परत रॅफल (खरेदीची संधी देणाऱ्या सोडती) भरायचे, ड्रॉपच्या वेळी, म्हणजे नवे बूट बाजारात येतात तेव्हा, आपोआप खरेदी करणाऱ्या बॉट्सशी झुंजायचं नाहीतर दुसऱ्या रीसेलरकडून चढ्या भावाने घ्यायचं, म्हणजे तुझं त्या बुटांबद्दलचं ज्ञान इथे फार कमी कामाला येतं, लागतो तो पैसा फिरवण्याचा वेग आणि नावडती जोडीसुद्धा शांतपणे घ्यायची तयारी.

दुसरी गोष्ट, भाव तुझ्या हातात नसतो. नाइकीचे ते काळे-पांढरे पांडा डंक आठवतात ना, २०२१ मध्ये आले तेव्हा लोक वेड्यासारखे जास्तीचे पैसे मोजत होते, मग नाइकी ते परत परत बाजारात आणत राहिली आणि ज्यांनी डझनाने भरून ठेवले होते त्यांचं मार्जिनच संपलं. यीझीचं तर अजून वेगळं झालं, तो आदिदासचा रॅपर कान्ये वेस्ट, म्हणजे आताचा 'ये', याच्याबरोबरचा ब्रँड, ऑक्टोबर २०२२ मध्ये आदिदासने त्याच्याबरोबरचा करार तोडला आणि उरलेला स्टॉक २०२३ पासून टप्प्याटप्प्याने काढला, ज्यांचा सगळा धंदा त्या एका नावावर होता त्यांनी काय केलं असेल सांग. यात त्यांची काही चूक नव्हती रे. निर्णय दुसरीकडेच झाला आणि फटका यांना बसला. काही लोक हे व्यवस्थित सांभाळतात, चांगलं कमावतात, मी त्यांना कमी लेखत नाही, पण ती माणसं बुटाकडे मालासारखं बघू शकतात आणि तू बघू शकत नाहीस.

आता ती ४० जोड्यांची गोष्ट, जी वाचून मला खरंच काळजी वाटली.

माझ्याकडे १९९९ च्या रेट्रोतले जॉर्डन फोर होते, व्हाइट सिमेंट. कधीच घातले नाहीत, जपून ठेवले, दर थोड्या दिवसांनी बॉक्स उघडून बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. बऱ्याच वर्षांनी एका खास दिवशी घातले आणि घरातून बाहेर पडून शंभर पावलं चालले नसेन तर टाचेखालचं मिडसोल, म्हणजे तळाचा मधला मऊ थर, बिस्किटासारखं भुगा झालं. वर लेदर नवंकोरं, खाली नुसती पूड. मी तिथेच फुटपाथवर बसून रडले होते, खोटं नाही सांगत. तेव्हा मला कळलं की त्या बुटांचं मिडसोल पॉलियुरेथेन नावाच्या फोमचं असतं आणि हवेतला ओलावा त्या पॉलियुरेथेनच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडत जातो, याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि हे बूट न घालता ठेवले तरी होतं, नुसते पडून राहिलेले तर चालत्या-फिरत्या बुटांपेक्षा आधी जातात असाच अनुभव आहे बहुतेकांचा. जॉर्डन थ्री, फोर, फाइव्ह, सिक्स सगळ्यांना हा धोका. जॉर्डन वन, डंक, एअर फोर्स वन यांचे रबरी कपसोल (वाटीसारखे एकसंध तळ) त्यामानाने खूप टिकतात, ईव्हीए नावाच्या हलक्या फोमचा असा भुगा होत नाही, तो दबतो, कडक होतो, आक्रसतो. म्हणजे ज्याला तू भांडवल म्हणतोयस त्यातलं काही भांडवल बॉक्सच्या आत आत्ता, मी हे लिहितेय तोवर, विरघळतंय.

पण त्या फुटलेल्या जोडीनेच मला कामाला लावलं. लेदर इतकं चांगलं होतं की टाकवेना, मग मी सोल स्वॅप, म्हणजे जुन्या बुटाला दुसऱ्या बुटाचा तळ बसवणं, शिकले. एक नवी पण स्वस्तात मिळालेली डोनर जोडी घ्यायची, तिचा सोल अ‍ॅसिटोन आणि हीट गनने सावकाश सोडवायचा, जुन्या अपरवरचा, म्हणजे बुटाच्या वरच्या भागावरचा, सगळा जुना गम खरवडून साफ करायचा, मग दोन्हीकडे काँटॅक्ट सिमेंट लावून ते बोटाला चिकट लागेपर्यंत थांबायचं आणि एकदाच बरोबर बसवायचं कारण एकदा टेकलं की सरकत नाही. माझ्या पहिल्या तीन जोड्या वाया गेल्या. चौथी बसली. आणि मग शेजारच्या, मग त्याच्या मित्राच्या, मग अनोळखी माणसांच्या जोड्या यायला लागल्या आणि आज अकरा वर्षं मी हेच काम करते. त्यामुळे मी तुला जे सांगतेय ते हातातल्या कामावरून सांगतेय.

तुला एकच गोष्ट सांगायचीय मला. कलेक्शन ही तुझी शाळा होती, धंदा दुसऱ्यांच्या बुटांवर उभा राहील. एवढी वर्षं जमवून तुझ्याकडे जे साठलंय ते बॉक्समध्ये नाहीये, तुझ्या डोळ्यात आहे, आणि डोळा विकताना हात मागे येत नाही कारण तो तुझ्याकडेच राहतो.

म्हणजे काय ते बघ. तू म्हणतोस लांबून ओळखतो. मग जवळून खोटा ओळखतोस का? कारण नकली बुटांचा बाजार इतका मोठा झालाय की ईबेनेसुद्धा २०२० मध्ये स्नीकर्ससाठी वेगळी तपासणी सुरू केली, स्टॉकएक्स, गोट या रीसेलच्या साइट्सचा तर सगळा डोलारा तपासणीवर उभा आहे, आणि तिथे मशीन असली तरी शेवटी बूट हातात घेऊन वास घेणारी माणसं लागतात. हो, वासच. गमचा वास, मग शिलाईचं अंतर, टो बॉक्सची, म्हणजे बोटांवरच्या भागाची, भोकं, जॉर्डन वन मागून बघितल्यावर टाचेला कंबर दिसते का, आतल्या टॅगवरचा स्टाइल कोड बॉक्सच्या लेबलशी जुळतो का आणि नाइकीच्या कोडमधले डॅशनंतरचे तीन आकडे रंगाशी जुळतात का, एकने सुरू झाला तर पांढरा, सहाने तर लाल, शून्याने तर काळा नाहीतर करडा असं साधारण. हे तुला पाठ असेलच. पण "मला वाटतं खोटा आहे" आणि "या सहा कारणांनी खोटा आहे, हे घ्या फोटो" यात फार अंतर आहे आणि पगार दुसऱ्या वाक्याला मिळतो. तुझ्या ६२ अस्सल जोड्या म्हणजे याचा तयार संदर्भसंच आहे, प्रत्येकीचे टॅग, शिलाई, सोल, इनसोलच्या खालचा भाग, सगळ्याचे एकाच उजेडात फोटो काढून नीट नावं देऊन ठेव. नवशिक्याला हे जमवायलाच पाच वर्षं लागतील, आणि तू ते विकायला निघाला होतास.

हाताने काम करायची आवड आहे की नाही ते तू लिहिलं नाहीयेस. असेल तर साफसफाई आणि रिस्टोरेशन हे मी सगळ्यात वर ठेवेन, माझं काम आहे म्हणून नाही, तर पैसा कमी अडकतो म्हणून. ब्रश, क्लीनर, चांगला उजेड, मायक्रोफायबर कापड, अ‍ॅसिटोन, लेदरचे अ‍ॅक्रिलिक रंग, शू ट्री (बुटाचा आकार टिकवणारा साचा), बस एवढ्यात सुरुवात होते. पिवळे पडलेले सोल परत उजळायचे, स्वीडवरचे डाग काढायचे, क्रीज म्हणजे सुरकुत्या घालवायच्या, सुटलेला सोल चिकटवायचा. बूट हातात आला की त्याच्यावर काय प्रयोग करायचा नाही हे कळायला वर्षं लागतात आणि तुला मटेरियल आधीच कळतं, नूबक आणि स्वीड यातला फरक तुला कोणी शिकवायला नको. फक्त शिकताना स्वतःच्या आवडत्या जोड्यांना हात लावू नकोस आणि गिऱ्हाइकाच्या तर नाहीच नाही, टाकून दिलेले, फाटके, कोणाला नको असलेले बूट गोळा कर. आणि जमलं तर बूट दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिराकडे सुट्टीच्या दिवशी जाऊन बस, शिलाई आणि गम या दोन गोष्टी व्हिडिओ बघून येत नाहीत, मी स्वतः अशाच एका काकांकडे बसून शिकले आणि सुई कशी धरायची इथपासून सुरुवात केली.

कस्टमचं विचारलं नाहीयेस पण डोक्यात येईलच म्हणून सांगून ठेवते. कोणी स्वतःचे बूट आणून दिले आणि तू ते रंगवून दिलेस ही एक गोष्ट, आणि तू कंपनीचे बूट घेऊन त्यावर लोगो तसाच ठेवून त्याचं प्रॉडक्ट म्हणून विकलंस ही पूर्ण वेगळी गोष्ट. २०२१ मध्ये मिस्चिफ नावाच्या गटाने नाइकीच्या एअर मॅक्स ९७ मध्ये बदल करून ६६६ जोड्या विकायला काढल्या, नाइकीने लगेच कोर्टात खेचलं आणि शेवटी तडजोडीत त्यांना त्या जोड्या मूळ किमतीला परत घेण्याची ऑफर द्यावी लागली. तेव्हा दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर आपलं घर बांधायच्या आधी वकिलाला विचार.

डिझाइनबद्दल एक माणूस सांगते. ड्वेन एडवर्ड्स. डिझाइनचं कॉलेज नाही, १९ व्या वर्षी एलए गिअर कंपनीत फायलिंगच्या टेंपररी कामावर होता, आणि तिथे कर्मचाऱ्यांच्या सूचनांसाठी जी पेटी होती त्यात तो रोज एका बुटाचं स्केच टाकायचा, रोज म्हणजे रोज, जवळपास सहा महिने, शेवटी मालकाने बोलावून डिझाइनर म्हणून घेतलं. पुढे त्याने जॉर्डन ब्रँडसाठी २१ आणि २२ नंबरचे बूट केले आणि नंतर फुटवेअर डिझाइन शिकवणारी पेन्सोल अकॅडमी काढली. टिंकर हॅटफिल्ड, ज्याने १९८७ चा एअर मॅक्स आणि १९८८ चा जॉर्डन थ्री केला, तो नाइकीत आला होता आर्किटेक्ट म्हणून, इमारती करायला. तू चित्र काढत असशील तर ही वाट उघडी आहे, काढत नसशील तर बूट आवडतात म्हणून डिझाइनर व्हायला जाऊ नकोस, त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी वाटतो तेवढा संबंध नाही.

आता तुझ्या अकाउंट्सवर येते, कारण त्याच्याबद्दल तू असं लिहिलंयस की जणू ते ओझं आहे आणि मला ते अजिबात पटलेलं नाही. जॉश लुबर हे नाव ऐकलं असशील. आयबीएममध्ये कन्सल्टंट होता, स्वतः कलेक्टर, आणि २०१२ मध्ये त्याने कॅम्पलेस सुरू केलं, ईबेवर कुठला बूट खरंच कितीला विकला गेला याचे आकडे गोळा करून भावांची यादी करायची, एवढंच. त्यातूनच पुढे २०१६ मध्ये स्टॉकएक्स उभं राहिलं. बूट आवडणारे लाखो होते, बूट आवडणारा आणि आकड्यात रमणारा तो होता. तुझ्याकडे हे दोन्ही आहे! तपासणी कर, रिस्टोरेशन कर, काहीही कर, पण हिशोब कळणारी माणसं या क्षेत्रात कमी आहेत, मी कितीतरी चांगले हात असलेले पोरं बघितलेत ज्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की एका जोडीमागे त्यांचे किती तास गेले आणि हातात काय राहिलं. मलाही पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं, गम आणि ब्रशचा खर्च धरायचे, माझा वेळ धरायचेच नाही.

लिहायची किंवा बोलायची आवड असेल तर त्यातही जागा आहे, पण अनबॉक्सिंगची गर्दी सोड आणि खोदायला शिक. साधं उदाहरण, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने जॉर्डन वनवर बंदी घातली ही गोष्ट सगळे सांगतात. फेब्रुवारी १९८५ चं एनबीएचं पत्र आहे, त्यात लाल-काळे नाइकी बूट एवढंच म्हटलंय, मॉडेलचं नाव नाही, आणि तारीख दिलीय १८ ऑक्टोबर १९८४ च्या आसपासची, त्या काळात मायकल जॉर्डनच्या पायात नाइकीचंच एअर शिप हे दुसरं मॉडेल होतं असं फोटो बघणाऱ्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. हे असं काम बूट माहीत असलेल्या माणसालाच सुचतं. टोरांटोच्या बाटा शू म्युझियममध्ये २०१३ मध्ये स्नीकर्सच्या इतिहासाचं अख्खं प्रदर्शन झालं, एलिझाबेथ सेमेलहॅक या क्युरेटरने केलं, म्हणजे बुटांचा इतिहास सांगणं हेसुद्धा एखाद्याचं पूर्ण वेळचं काम असतं. लिलावातही तेच, जॉर्डनने १९९८ च्या फायनल्समध्ये एका सामन्यात घातलेले जॉर्डन थर्टीन २०२३ मध्ये सदबीजमध्ये २२ लाख डॉलरला गेले, पैसे मिळाले ते त्या पायाचे आणि त्या दिवसाचे, आणि तो दिवस पुराव्यानिशी सिद्ध करणारं कोणीतरी लागतंच.

बरं, मग प्रत्यक्षात काय करायचं. नोकरी सोडू नकोस, निदान वर्षभर तरी. भीती म्हणून नाही सांगत, पगार चालू असला की वाईट काम नाकारता येतं आणि शिकताना ते फार गरजेचं असतं, घरभाडं द्यायचं असलं की माणूस न येणारं कामही घेतो आणि कोणाची तरी जोडी खराब करतो. वर्षात संध्याकाळी आणि सुट्टीला पन्नास जोड्या कर, दुसऱ्यांच्या, ओळखीच्यांच्या कर, आधी फुकट मग थोडे पैसे घेऊन, आणि प्रत्येक जोडीची वही ठेव, काय आलं, काय केलं, किती तास, काय बिघडलं, आधीचे-नंतरचे फोटो. तपासणी करायची असेल तरी हेच, पन्नास जोड्या तपास आणि लेखी कारणं दे आणि कितीवेळा चुकलास ते लपवू नकोस. तीसाव्या जोडीपर्यंत तुला कळेल की हे काम रोज करावंसं वाटतं की तुला फक्त स्वतःचे बूट आवडतात. दुसरं निघालं तरी वाईट वाटून घेऊ नकोस हं, छंद छंदच राहिला तर तो काही वाया जात नाही, सगळ्या आवडींना पोटापाण्याला जुंपलंच पाहिजे असं कुठे आहे.

घरच्यांचं. त्यांना ६२ बॉक्स दिसतात आणि बाहेर जाणारा पैसा दिसतो, त्यांनी अजून या बुटांमुळे आत आलेला एक पैसा बघितलेला नाही त्यामुळे त्यांचा राग मला समजतो. वाद घालू नकोस, बाबांचे किंवा आईचे जुने घासलेले बूट घे आणि नव्यासारखे करून त्यांच्यासमोर ठेव. माझ्या आईने माझ्या कामाबद्दल तक्रार करायचं बंद केलं ते तिच्या चालायच्या बुटांना मी नवा सोल लावून दिला त्या दिवशी, आधीच्या सगळ्या भाषणांचा शून्य उपयोग झाला होता.

आणि कलेक्शन. विकू नकोस म्हटलं तरी आहे तसं ठेवूही नकोस. ओलावा नसलेल्या, ऊन न येणाऱ्या जागी ठेव, सिलिका जेलची पाकिटं टाक पण मूठभर नको, हवा फार कोरडी झाली तर गम सुटतो. घालण्यासारख्या आहेत त्या आलटून पालटून घाल. दोन-तीन जोड्या ज्यांच्याशी काहीच नातं नाही, फक्त ड्रॉप होता म्हणून घेतल्यास, त्या असतीलच, त्या विक आणि त्या पैशांतून सामान घे. बाकीच्यांना किंमत लावायची गरज नाही.

आज रात्री एक काम कर. त्या ४० बॉक्समधला सगळ्यात जुना काढ, जॉर्डन थ्री ते सिक्समधला असेल तर आधी तोच, बूट हातात घेऊन टाचेच्या वरच्या बाजूला मिडसोल अंगठ्याने हलकं दाब. परत वर आलं तर उद्या घालून अर्धा तास चाल. भेग पडली किंवा बोटाला पूड लागली तर फेकू नकोस, अपर सांभाळून ठेव, तुझा पहिला सोल स्वॅप त्याच्यावर नको पण दहावा नक्की त्याच्यावर होऊ दे. आणि काय निघालं ते मला लिही, मी वाट बघतेय.

तुझी,
ताई